उलटे चालणारे टिपणीसकाका

सकाळी सातच्या सुमारास सिंगापूरला, बिशानमधल्या आमच्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये तुम्ही आला असतात, तर एक पाठमोरे गृहस्थ तुमच्या अंगावर आदळण्याची बरीच शक्यता होती. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बँकेचा टाय, पायांत कॅनव्हासचे बूट, गुडघे थोडे वाकवलेले, दोन्ही हात छातीपुढे उघडे आणि नजर समोरच्या रिकाम्या हवेत, कंबरेच्या उंचीवर कुठेतरी खिळलेली. हे टिपणीसकाका. लिफ्टपासून स्वतःच्या दारापर्यंत उलटे चालत यायचे. मागे वळून बघायचं नाही हा त्यांचा नियम. त्यामुळे चपलांचे रॅक, तुळशीची कुंडी किंवा आमची लेक ईरा यांपैकी काही ना काही रोज आडवं व्हायचं.

माझ्या सासूबाई तेव्हा कराडहून आल्या होत्या. पहिल्याच सकाळी दारात रांगोळी काढायला म्हणून बाहेर गेल्या आणि रांगोळीचा डबा तिथेच टाकून आत येऊन कडी घालून बसल्या. उलट्या पावलांनी कोण चालतं हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. ते टाय लावून येतं, एवढंच नवीन होतं.

पलीकडच्या तान आंटींना मात्र काहीच वाटलं नाही. बिशानच्या पार्कात चिनी आजी-आजोबा रोज सकाळी उलटे चालतात, गुडघ्यांना चांगलं म्हणून. "व्हेरी गुड फॉर द नी, ला," असं म्हणून त्यांनी काकांची पाठ थोपटली आणि दुसऱ्या दिवसापासून त्याही त्यांच्या शेजारून उलट्या चालू लागल्या. म्हणजे अख्ख्या मजल्यावर काकांना वेडं समजणारे आम्ही मराठीच काय ते.

आणि खोटं कशाला सांगू, आम्हाला तसं समजायला कारण होतं. टिपणीसकाकांना अमेरिकन फुटबॉलचा नाद होता. म्हणजे तो हेल्मेटवाला, ज्यात बॉल हातात धरून पळतात आणि तरी त्याला फुटबॉल म्हणतात, तो. बँकेने काकांना काही वर्षं अमेरिकेला पाठवलं होतं, तिथून ते हे दुखणं घेऊन आले. बरं, पूर्ण खेळाचा नाद असता तर एक वेळ समजलं असतं. यांना त्यातल्या एकाच खेळाडूत रस. कॉर्नरबॅक. सांगलीच्या कॉलेजात काका कबड्डीत कोपरारक्षक होते, त्यामुळे कोपऱ्यावरचा माणूस दिसला की तो आपलाच, असा त्यांचा हिशोब.

कॉर्नरबॅक म्हणजे काय, हे त्यांनी मला आमच्याच डायनिंग टेबलावर पोह्यांच्या दोन वाट्या घेऊन समजावलं होतं. एक वाटी बॉल झेलायला सुसाट पळत येते. दुसरी वाटी, म्हणजे आपला कॉर्नरबॅक, तिच्यासमोर तोंड करून उलटी पळते. पहिली कुठे वळणार ते दुसरीला माहीत नाही. पहिल्या पाच यार्डांत तिला हात लावायची मुभा. त्यापुढे हात लावला की फाउल. नुसतं सोबत राहायचं.

"बाकी सगळ्यांना माहीत असतं आपल्याला कुठं जायचंय," काका म्हणाले. "या एकट्याला माहीत नसतं. समोरचा नेईल तिकडं जायचं, तेही उलटं. आणि याच्या मागं कुणी नसतं. चुकला की सगळ्या स्टेडियमला दिसतं."

मी म्हटलं, काका, पोहे गार होतायत.

दर उन्हाळ्याच्या तोंडावर तिकडच्या व्यावसायिक टीम कॉलेजातली पोरं निवडतात. त्या दिवसांत काका घरात असून नसल्यासारखे. जो पोरगा अजून मोठ्या मैदानावर उतरलाच नाही, तो तिथे टिकेल की नाही हे आधी कसं ओळखायचं, हा त्यांचा जन्माचा प्रश्न. बँकेतही ते हेच करायचे म्हणा. नव्या, कुणाला माहीत नसलेल्या कंपन्या त्यांच्यासमोर यायच्या आणि ही तग धरेल का, हे त्यांनी सांगायचं. "ज्यानं करून दाखवलंय त्याला काय, कुणीही ओळखेल," असं म्हणून ते चष्मा पुसायचे.

त्यांच्या कसोट्या दोनच. पहिली कंबर. डोळे फसवतात, खांदे फसवतात, पाय तर अट्टल लबाड. माणूस कुठे जाणार ते कंबर सांगते. ही कसोटी ते एमआरटी मेट्रोत लावायचे, लिटिल इंडियात भाजी घेताना रांगेत लावायचे. एकदा गणपतीच्या कार्यक्रमात आमच्या बायकांचं लेझीम चालू होतं. ढोल थांबला आणि त्याच क्षणी काकांचा आवाज सबंध हॉलभर ऐकू आला. शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याला, सुहासला, ते कळवळून सांगत होते, "अरे चेहऱ्याकडं काय बघतोस? कंबर बघ, कंबर!" पुढच्या तीन रांगा एकदम मागे वळल्या. तेव्हा काकांच्या पलीकडे बसलेल्या त्यांच्या बायकोने, नलूकाकूंनी, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता, सगळ्यांना शांतपणे सांगितलं की ते फुटबॉलचं बोलतायत.

काकू तशाच होत्या. कमी बोलायच्या आणि भरपूर चालायच्या. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही चार घरं ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठच्या पार्कात फिरायला जायचो. काकू सगळ्यांत पुढे, आम्ही निम्म्या वयाच्या बायका मागे धापा टाकत आणि काका शेवटी, काकूंची पर्स सांभाळत. आम्ही तिथल्या खाण्याच्या स्टॉल्सपाशी, हॉकर सेंटरला, पोचेपर्यंत काकूंनी सगळ्यांसाठी उसाचा रस सांगून टेबल पकडलेलं असायचं.

आता दुसरी कसोटी. तिचं नाव विसरणं. कॉर्नरबॅक कितीही चांगला असला तरी कधी ना कधी समोरचा त्याला चकवून जाणारच. मार खाल्ल्यावर तो पुढच्या डावाला कुठे उभा राहतो ते बघायचं. घाबरलेला पोरगा चार पावलं मागे सरकून उभा राहतो. तो कामातून गेला. जो होता तिथेच उभा राहतो, तो टिकतो.

त्या वर्षी काकांना बारक्या सापडला. खरं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण आमच्याकडे तो बारक्याच. कुठल्याशा आडगावच्या कॉलेजातला, उंचीने कमी, हाडाने किरकोळ. तिकडचे सगळे जाणकार म्हणत होते की मोठ्या मैदानावर याचा भुगा होईल. काका म्हणाले, टिकेल. त्यांच्याकडे त्याच्या एका मॅचची टेप होती. तीत बारक्या सपशेल तोंडावर पडतो, समोरचा त्याला ओलांडून जाऊन गुण घेतो, सगळं स्टेडियम हसतं. आणि पुढच्या डावाला बारक्या उठून, गुडघे झटकून, बरोबर त्याच जागी उभा राहतो. एवढंच. काकांना तेवढं पुरलं. सुहासने त्यांची भरपूर खेचली आणि शेवटी जाहीर केलं की हा पोरगा टिकला तर मी ड्युरियन खाईन. सुहासला त्या काटेरी फळाच्या, ड्युरियनच्या, नुसत्या वासाने मळमळतं, म्हणजे त्याची किती खात्री होती बघा.

पुढे एका टीमने अगदी शेवटी शेवटी बारक्याला घेतलं. आणि त्याच सुमारास नलूकाकूंना अर्धांगाचा झटका आला.

उजवी बाजू गेली. जीव वाचला, हॉस्पिटलातून घरी आल्या, वाचाही हळूहळू परत येऊ लागली. काठी घेऊन घरात चार पावलं टाकायला लागल्या तेव्हा आम्ही शिरा केला. आणि मग एक दिवस लिफ्टच्या दारात, ऑफिसला निघालेल्या निम्म्या बिल्डिंगसमोर, त्या पडल्या. हाड मोडलं नाही, पण त्या दिवसापासून काकूंनी चालणंच सोडलं. कुणी दंडाला धरलं की हात झटकायच्या. मला धरून नेऊ नका, एवढंच म्हणायच्या. डॉक्टरांनी काकांना स्पष्ट सांगितलं होतं, हेच महिने महत्त्वाचे. आता चालल्या तर चालल्या, नाहीतर कायमची चाकाची खुर्ची.

आणि काका काय करत होते? बारक्या! उठता बसता बारक्या. सकाळी कॉरिडॉरमध्ये ते उलटं चालणं सुरू झालं तेही तेव्हाच. आम्हाला वाटलं, बारक्याच्या नादात हा माणूस आता पुरता गेला. एकदा मी वरणभाताचा डबा घेऊन गेले तर काकू खुर्चीत, काका शेजारी आणि टीव्हीवर तीच टेप. बारक्या पडतोय, उठतोय. काकांनी रिमोट दाबला. परत पडतोय, परत उठतोय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई बिछान्याला खिळायची वेळ आली आणि या माणसाला फुटबॉल सुचतोय! मी काही बोलणार तेवढ्यात काकूंनीच डाव्या हाताने मला बसायची खूण केली आणि पुन्हा टीव्हीकडे बघू लागल्या.

अमेरिकेतली रविवारची मॅच आमच्याकडे सोमवारी उजाडते. बारक्या पहिल्यांदा मैदानात उतरला तो सोमवार नेमका दिवाळीच्या सुट्टीचा होता. काकांनी आम्हाला फराळाला बोलावलं. चकली तान आंटींनी आणली होती, लिटिल इंडियातल्या दुकानातून, कारण त्या घरात त्या वर्षी तळण झालं नव्हतं.

बराच वेळ बारक्याकडे कुणी फिरकलंच नाही. मग एक धिप्पाड गडी त्याच्यावर चालून आला, डावीकडे झुकला, उजवीकडे वळला, आणि बारक्या आडवा. बॉल गेला, गुण गेले, स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी. सुहास टाळी वाजवून म्हणाला, सुटलो, ड्युरियन वाचलं. काकांच्या हातातली चकली तशीच होती. त्यांचं टीव्हीकडे लक्षच नव्हतं. ते काकूंकडे बघत होते.

पुढचा डाव लागला. कॅमेरा मैदानभर फिरून कोपऱ्यावर आला. बारक्या उभा होता.

काकू खुर्चीत पुढे वाकल्या. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागायचा.

"मागं... सरकला नाही," काकू म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने काकांकडे न बघता म्हणाल्या, "माझे बूट कुठंयत?"

काका उठून आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. बूट शोधायला एवढा वेळ लागत नाही. त्यांच्या घरात सगळं जागच्या जागी असतं.

बारक्या टिकला. सुहासने पुढे नाक दाबून ड्युरियन खाल्लं, ईराने त्याचे फोटो काढून सगळीकडे पाठवले. पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, त्या दिवाळीनंतरच्या एका शनिवारचं.

संध्याकाळी ईराला घेऊन मी ईस्ट कोस्टला जरा लवकरच पोचले. पार्कात गर्दी होती, पतंग, सायकली, स्केट्सवाली पोरं. आणि समुद्राकडच्या वाटेवर मला काका दिसले, पाठमोरे, माझ्याच दिशेने उलटे येताना. गुडघे वाकवलेले, हात छातीपुढे उघडे. फक्त या वेळी त्यांच्यासमोर हवा रिकामी नव्हती. समोर काकू होत्या, डाव्या हातात काठी, पायांत पांढरे बूट.

मी वाटेच्या कडेला झाले, तिथून दोघं बाजूने दिसत होते. सुरुवातीची काही पावलं काकांचे तळवे काकूंच्या कोपरांखाली होते. मग त्यांनी ते अलगद काढून घेतले. काकू चालत राहिल्या. काका वीतभर अंतरावरून उलटे येत राहिले, नजर काकूंच्या कंबरेवर. ती डावीकडे कलली की हे डावीकडे, ती थबकली की हे थबकले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. महिनोन् महिने कॉरिडॉरमध्ये कुंड्या पाडत हा माणूस हे शिकत होता. धरून न्यायचं नाही, पण पडू द्यायचं नाही. बाजूने नाही, मागून नाही, समोरून.

तेवढ्यात काकूंचा उजवा पाय अडखळला. त्या हेलकावल्या. मला राहवलं नाही, मी ओरडले, "अहो काका, धरा की त्यांना!"

काकांनी मान वळवली नाही. हात तसेच उघडे, काकूंच्या दोन्ही बाजूंना, टेकलेले मात्र नाहीत. गालावरून काहीतरी ओघळत होतं आणि ते पुसायलाही त्यांनी हात हलवला नाही.

"पाच यार्ड झाले," ते म्हणाले. "आता हात लावला तर फाउल."

काकूंनी काठी टेकली, स्वतःला सावरलं. हसल्या, अर्ध्याच ओठांनी. आणि पुढचं पाऊल टाकलं.

काका पुन्हा उलटे निघाले. त्यांच्या पाठीमागून सायकलींचा एक घोळका भरधाव येत होता, पण मागे वळून बघायचं नाही हा त्यांचा नियम. मी पर्स ईराच्या हातात दिली, धावत जाऊन त्यांच्या पाठीशी उभी राहिले, आणि दोन्ही हात पसरून सायकलवाल्यांना थांबवलं.