खिम्यात मांडी कुणाची?

एका जंगलात तरसांचं एक खानदानी घराणं राहत होतं. खानदानी म्हणजे काय, ठाऊक आहे ना मुलांनो? जिथं काम एकीच्या वाट्याला आणि मान बाकीच्यांच्या, ते.

या घरात जेवणाचेही मान ठरलेले होते. मांडी घरधनी हैबतरावांची. काळीज त्यांच्या आईचं, म्हणजे आत्याबाईंचं. जन्मतः मिळालेलं त्यांनी फारसं वापरलं नव्हतं, तरी रोज दुसऱ्याचं लागायचं. बरगड्या धाकट्या भावाच्या, सर्जेरावाच्या. आणि सगळ्यांचे ढेकर देऊन झाले की उरलेले खूर सुगंधाबाईचे.

सुगंधाबाई ही हैबतरावांची बायको. लग्न झाल्यापासून ती खूर चघळत होती. तिची एकच इच्छा होती. एकदा तरी सगळ्यांत बसून, सगळ्यांसारखा मऊ घास खायचा.

एकदा शहरातली माणसं जंगलात सहलीला आली आणि माणसांच्या रीतीप्रमाणे अर्धा संसार तिथंच टाकून गेली. त्यात एक पातेलं होतं, मैद्याची पिशवी होती, लोण्याचा डबा होता आणि मासिकाचं एक फाटकं पान होतं. पानावर चित्र होतं. खाली खिमा, वर लोणी-मैद्याचे टम्म फुगलेले गोळे, भोवती हसणारं कुटुंब. सुगंधाबाईनं चित्र नीट निरखलं. त्यात कुणाच्याच पुढ्यात खूर नव्हता.

"अगं बाई! खिम्यात कुठली आली मांडी नि कुठलं काळीज?" ती पुटपुटली.

दुसऱ्याच दिवशी एक म्हातारा बैल कड्यावरून पडला. आपणहून पडला. खिमा कुणाचा, हे मात्र विचारू नये बाळांनो. नावगाव विचारता येऊ नये म्हणूनच तर मांस कुटतात.

सुगंधाबाईनं मांडी, काळीज, बरगड्यांचं मांस, सगळं पाट्यावर एकत्र कुटलं. रानलसूण आणि मिरच्या वाटून लावल्या. पातेल्यात खिमा थापला, लोणी-मीठ घातलेल्या मैद्याचे गोळे वर मांडले, झाकण ठेवलं आणि झाकणावर निखारे रचले. वास असा सुटला की घर हाका न मारता गोळा झालं.

"माझी मांडी कुठंय?" हैबतरावांनी विचारलं.

"त्यातच आहे."

"आणि माझं काळीज गं?"

"तेही त्यातच, आत्याबाई."

"त्यात म्हणजे कुठं?"

"सगळीकडे."

हैबतराव हळूच म्हणाले, "मग आज या घरात कर्ता कोण, हे कळायचं कसं?"

प्रश्न गंभीर होता. आत्याबाईंनी तो चुटकीसरशी सोडवला. "वरचा खरपूस पापुद्रा कर्त्याचा. मधलं मऊमऊ माझं, मला मेलीला चावत नाही." कालच त्यांनी शिंग फोडून खाल्लं होतं. "कडेचा खिमा सर्जाचा."

"आणि मी?"

"पातेलं आहे की तुझं. घासायचं तुलाच आहे ना?"

सुगंधाबाई पातेलं घेऊन परसात गेली. तिनं तळाशी करपलेली खरवड नखानं काढली आणि तोंडात टाकली. तिचे कान ताठ झाले! सगळी चरबी, सगळी लसूण, सगळा मसाला तळाशी उतरून कुरकुरीत झाला होता. ती खरवडू लागली. कर्र, कर्र.

"काय खातेस गं?" आतून हैबतराव ओरडले.

एरवी ती "काही नाही" म्हणाली असती. आज भलतंच तोंडून गेलं. "चुकलं हो माझं! खरवड कर्त्या पुरुषाचा मान असतो. कागदावर तसं लिहिलंय."

त्या घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. तिलाही नाही. हैबतरावांनी झडप घालून पातेलं हिसकावलं.

"असं नाही हो घ्यायचं," सुगंधाबाई अदबीनं म्हणाली. "मान घेणाऱ्यानं आधी जेवायचं नसतं. आणि तळात तोंड दिसेस्तोवर खरवडायचं. एक डाग राहिला तरी मान कोल्ह्यांच्या घरी जातो."

"मग मला गं काय?" आत्याबाई कळवळल्या.

"झाकणाचा मान तुमचा, आत्याबाई. आतून-बाहेरून."

"वहिनी, मी घरचा नाही का?"

"पाटा-वरवंटा कुणाचा मग, भावजी?"

पुढच्या बैलाच्या वेळी खिमा आधी पळसाच्या पानावर काढला गेला. मग भांड्यांवर झुंबड उडाली. सर्जेराव पाटा चाटत होता, आत्याबाई झाकण घासत होत्या. हैबतराव पातेल्यात खांद्यापर्यंत शिरले होते. "असा तळ या जंगलात दुसऱ्या कुणाचा दाखवा!" असं आतूनच गर्जत होते.

मधोमध सुगंधाबाई बसली होती. तिच्या पुढ्यात पापुद्रा होता, मऊ गोळा होता आणि भरपूर खिमा होता. सगळं कुटुंब एकत्र होतं. ती सावकाश जेवत होती आणि बाकीचे मानानं मोठे होत होते.

तात्पर्य : हक्क मागू नयेत, घर मोडतं. कामालाच मान म्हणावं. थोर मंडळी त्यासाठी आपसात भांडतात आणि आपलं जेवण गरम राहतं.