शितावरून गाठीची परीक्षा

२००३ साली फुलपाड्याच्या पाणीपुरवठ्याची अधिकृत पाहणी झाली. अधिकाऱ्याने तळमजल्यावरचा एक नळ उघडला, पाणी आलं, आणि त्याने लिहिलं, 'फुलपाडा : पाणी आहे.' चौथ्या मजल्यावर कोरडी बादली घेऊन उभ्या असलेल्या ज्ञानदाने या अशास्त्रीय नमुना-निवडीविरुद्ध पाच पानी तक्रार केली, आलेखासह. ती एम.एस्सी. होती. तक्रार टपालात टाकून ती कामावर गेली.

काम एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होतं. शस्त्रक्रियेत काढलेली स्तनाची गाठ आली, की तिचा एक 'प्रातिनिधिक' तुकडा कापायचा आणि त्यात हार्मोनची खूण दिसते का ते बघायचं. दिसली तर पेशंटला पाच वर्षं गोळ्या, आणि गाठ पुन्हा होण्याची भीती कमी. नाही दिसली तर गोळ्या नाहीत. प्रातिनिधिक म्हणजे सुरीला जवळचा. नियमावलीत तसं नव्हतं, पण चालत होतं.

मंदा राऊत यांचा अहवाल निगेटिव्ह आला. मंदाकाकू वसईच्या, केळीच्या वाडीवाल्या. अहवाल घेऊन त्या स्वतःच लॅबमध्ये आल्या.

"गाठ केवढी होती गं?"

"लिंबाएवढी."

"आणि तू बघितलीस केवढी?"

"तांदळाच्या दाण्याएवढी. काकू, शितावरून भाताची परीक्षा होते ना, तसंच."

"लग्नाघरचा भात रांधलाय मी. टोपात खाली करपतो, मधे गिच्च होतो, कडेला कणी राहते. एका शितावर पंगत बसवली असती तर व्याही उपाशी उठले असते. तू कुठलं शीत उचललंस?"

ज्ञानदाने वही उघडली. "कडेचं," ती म्हणाली.

बरणीतल्या उरलेल्या गाठीचे तिने चार जागचे तुकडे कापले. तीन पॉझिटिव्ह आले, एक निगेटिव्ह. लॅबचे मालक डॉक्टर अनिश यांचा चेहरा गंभीर झाला.

"म्हणजे गाठ पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?"

"सर, ते जागेवर अवलंबून आहे."

"फॉर्मवर जागेचा रकाना नाही. 'नको ते खोडा' एवढंच आहे."

"मग फॉर्म बदलू या."

"दोन हजार छापून आलेत. गाठीने जुळवून घ्यावं."

बहुमत बघून 'निगेटिव्ह' खोडण्यात आलं. काकूंच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी लॅबला वाडीतली केळी सुकवून केलेल्या सुकेळ्यांचा पुडा पाठवला.

सुकेळं खाता खाता ज्ञानदाने विचारलं, "सर, कपाटातल्या बाकीच्या तीनशे चाळीस बरण्या?"

"त्यांच्यातलं कोणी तक्रार करायला आलंय का?"

"नाही."

"मग त्या प्रातिनिधिक आहेत."

घरी पालिकेचं उत्तर येऊन पडलं होतं : 'तपासलेला नळ प्रातिनिधिक होता. आपला सोडून अन्य नळांची तक्रार नाही.' ज्ञानदा अपील लिहायला बसली. 'एकाच ठिकाणचा नमुना घेऊन' इथवर लिहून ती थांबली. अधिकाऱ्याने फार तर पाणी नसताना 'आहे' लिहिलं होतं. तिने खूण असताना 'नाही' लिहिलं होतं, आणि तेही किती जणींना, याचा आलेख तिच्याकडे नव्हता. अपील अर्धंच राहिलं. कपाटही बंदच राहिलं.

तुमच्या घरात कुणाचा त्या सालचा अहवाल असेल, तर काळजी करू नका. तुम्ही तक्रार केलेली नाही. म्हणजे तो प्रातिनिधिक आहे.