वापरणाऱ्याची चूक नसते

शेषूभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागत नाहीत, बटणं पाहतात. भिंतीवरच्या बोर्डावर एका ओळीत आठ बटणं, आठही सारखीच पांढरी, आणि त्यातलं पंख्याचं कोणतं हे फक्त घरमालकाला ठाऊक. शेषूभाऊ एकेक दाबत जातात. ट्यूब लागते, अंगणातला दिवा लागतो, मागं पाण्याची मोटर घरघरायला लागते. मग ते वळून यजमानाला जाब विचारतात, "हे कोनाच्या सोईनं लावलं? वायरमनच्या का तुमच्या?" यजमान चहाचं सांगून परत येईपर्यंत शेषूभाऊंनी खिशातल्या पेनानं भिंतीवर 'पंखा' लिहून टाकलेलं असतं, खाली बाण काढून. नव्या रंगावर लिहिल्यामुळं मंगरूळपीरमधल्या काही घरांनी त्यांना बोलावणं बंद केलं. त्यातलं एक घर आमचं. बाबा अजून त्यांच्याशी धड बोलत नाहीत. पंखा मात्र आता आम्हाला पहिल्या फटक्यात लागतो.

मी पत्रकं लिहिणारी मुलगी. पाण्यासाठी, रस्त्यासाठी, बंद पडलेल्या वसतिगृहासाठी मी कचेऱ्यांसमोर घसा फोडून घेतलाय. जगात एवढी आग लागलेली असताना बटणांवर जीव टाकणारा माणूस मला वेडाच वाटायचा. तसं मी त्यांना तोंडावर म्हटलंही होतं. ते म्हणाले, "तू मोर्चा घेऊन जातं त्या हापिसातली खिडकी पाह्यली काय? कंबरेएवढी हाय. इचारासाठी वाकाच लागते. ते इचारनं हाय का मुजरा?" मी पुढच्या पत्रकात ती खिडकी घातली, त्यांचं नाव न घालता.

खताच्या दुकानावरच्या माडीत बसून ते कम्प्युटरचे प्रोग्राम लिहितात. मोबाईलवरचे नाहीत, इंटरनेटवरचे तर नाहीच नाही. "नेट गेलं तं बिल काय आभायात लिहू?" म्हणतात. टेबलावरच्या कम्प्युटरवर चालणारे साधे प्रोग्राम, कृषी केंद्राच्या बिलांसाठी, दवाखान्याच्या चिठ्ठ्यांसाठी, बियाण्याच्या साठ्यासाठी. पडद्यावर जे उघडतं त्याला ते खिडकी म्हणतात, आणि त्यांच्या खिडक्या त्यांच्यासारख्याच बोलतात. 'ओके'च्या जागी 'करा'. 'कॅन्सल'च्या जागी 'राहू द्या'. काम लांबलं तर पडदा गोठून पांढरा पडत नाही, 'लिहून राह्यलो, जरा दम धरा' असं येतं. नोंद पुसताना 'तुमची खात्री आहे का?' असं विचारत नाही. पुसून टाकतो आणि खाली विचारतो, 'परत आनू?'

"खात्री कायले इचारता?" ते भडकतात. "मानूस वाचतच नाई, हो दाबते. मंग रडते. त्याले रडू द्यायचं का परत आनून द्यायचं?"

दुसऱ्याच्या प्रोग्रामवर तर त्यांचा हात उठायचाच बाकी असतो. एका दुकानात पडद्यावर 'अवैध नोंद' असं लाल अक्षरात आलं. शेषूभाऊ ओरडले, "अवैध म्हन्ते! दारू हाय काय?" दुकानदार म्हणाला, पोरगं चुकलं असेल भरताना. झालं. तिथंच उभं राहून त्यांनी भाषण ठोकलं. बटण दाबलं की दाबल्यासारखं दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर माणूस पुन्हा दाबतो, पुन्हा दाबलं की दोन बिलं निघतात, आणि तुम्ही पोराला मारता. भाषणाचा शेवट ठरलेला: "वापरनाराची चूक नसते. लिहून ठेवा."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की माझ्या डोक्यात बसलं होतं. म्हणून तर त्या दिवशी मी तावातावानं त्यांची माडी चढले.

झालं होतं असं. आमच्या समाजाचं मंडळ दरवर्षी लग्नाच्या मुलामुलींची परिचय पुस्तिका काढतं. फोटो, शिक्षण, शेती, आणि एक रकाना 'वैवाहिक स्थिती'. त्याचा प्रोग्राम शेषूभाऊंचा. माझी मावसबहीण रेखाताई इंझोरीला असते. नवरा वारला, पदरात लहान मुलगी. भाड्याच्या तुकड्यात मेथी-पालक लावते, बाजारात स्वतः विकते. तिनं स्वतः ठरवलं, कुणी ढकललं नाही, की पुन्हा लग्न करायचं. माझ्यासमोर तिनं माहिती भरून दिली. म्हणाली, "वैशू, लपवाचं नाई काई. विधवा असंच लिहा म्हना."

पुस्तिकेत छापून आलं, अविवाहित.

तिला पुस्तिका कुणी दाखवलीच नाही. रिसोडकडची मंडळी पाहायला आली. फोनवरचं बोलणं मामांनी केलेलं, त्यांना वाटलं पुस्तिकेत सगळं आहेच. चहा आला, आणि मुलगी धावत येऊन "आई" म्हणून रेखाताईच्या कुशीत शिरली. पुढचं सांगायला नको. मुलगा स्वतः घटस्फोटित, पण त्याच्या तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. बाईनं फसवलं, हे मात्र सूर्य मावळायच्या आत चार गावांत पोचलं. मंडळाच्या अध्यक्षांनी निरोप पाठवला की येत्या मेळाव्यात माईकवरून जाहीर करून रेखाचं नाव कायमचं काढणार. एकदा माईकवर फसवी म्हटलं की त्या बाईला पुन्हा कोण विचारणार? तिच्या मुलीला तरी पुढं कोण विचारणार?

"तुमच्या प्रोग्रामनं केलं हे," मी पुस्तिका त्यांच्या टेबलावर आपटली.

"माह्या खिडकीत असं होतच नाई," शेषूभाऊ म्हणाले. "भागवतरावानं चुकीचं भरलं असन."

भागवतराव म्हणजे मंडळाचे चिटणीस. तेच सगळ्या नोंदी भरतात.

"वा!" मी म्हटलं. "दुसऱ्याच्या खिडकीत चूक खिडकीची. तुमच्या खिडकीत चूक भागवतरावांची. लिहून ठेवू?"

शेषूभाऊ उठले. त्यांनी चप्पल घातली आणि थेट भागवतरावांच्या घरी गेले. मी मागं. तिथं त्यांनी काहीच समजावलं नाही. नुसते मागं उभे राहिले आणि म्हणाले, "एक नोंद भरा. रोज भरता तशी." भागवतरावांनी एक खोटी नोंद भरली. यादीतून 'विधवा' निवडलं. मग वर नाव बरोबर लिहिलं की नाही ते पाहायला माऊसचं चाक वर फिरवलं. पान हललंच नाही. भागवतरावांनी माऊस टेबलावर आपटला, म्हणाले, "हा असाच अडकते कवाकवा," आणि कडेची पट्टी ओढून पान वर नेलं.

पान हललं नव्हतं, कारण चाकानं यादी हलवली होती. विधवा, वर घटस्फोटित, वर अविवाहित. भागवतरावांची नजर नावावर, आणि खाली एका बाईचं आयुष्य दोन पायऱ्या सरकलेलं. 'करा'.

शेषूभाऊ खाली बसले. खुर्ची नव्हती तिथं, जमिनीवरच बसले.

मेळाव्याआधी भागवतरावांच्याच घरी मंडळाची बैठक झाली. आम्ही चाकाचं सांगितल्यावर अध्यक्ष म्हणाले, "झालं ते झालं. पन बाईनंच लपवलं नाई कशावरून?" मी उठलेच होते. शेषूभाऊंनी मला हातानं बसवलं आणि अध्यक्षांना कम्प्युटरसमोर नेलं. "तुमचीच नोंद भरा, दादा." यादीत 'विवाहित' नव्हतंच, पुस्तिकाच लग्न करू पाहणाऱ्यांची. अध्यक्षांनी कुरकुरत 'विधुर' निवडलं. मागं बायकांत बसलेल्या त्यांच्या बायकोचा आवाज आला, "मी मेली काय वो?"

"नमुना हाय तो! नमुना!" अध्यक्ष घाबरून म्हणाले.

"आता वर नाव पाहा," शेषूभाऊ म्हणाले. अध्यक्षांनी चाक फिरवलं. पान ढिम्म. अध्यक्षांनी अजून जोरात फिरवलं.

"आता खाली पाहा, दादा. तुमी अविवाहित झाले."

"घ्या!" बाई म्हणाल्या. "तरी म्हनलं आजकाल भांग कायले पाडून राह्यले!"

सगळे हसले. मी नाही हसले. हसण्यावारी नेऊन विषय मिटवणारी ही जात मला पाठ आहे. अध्यक्ष तेच म्हणाले, "चला, समजलं सगळ्यायले. गुपचूप दुरुस्त करू."

"गुपचूप नाई," शेषूभाऊ म्हणाले. "फसवी म्हनासाठी माईक होता नं? मंग मले माईक द्या."

दिला. मेळाव्यात, जेवणाची पंगत कुठं बसेल आणि कुणाची पर्स सापडली, या दोन सूचनांच्या मध्ये दिला. तरी ते बोलले. "रेखाताईनं खरं लिहून देल्लं होतं. भागवतरावानं खरं भरलं होतं. चूक माही. यादीवरून चाक फिरू द्यायचं नसते, मी फिरू देल्लं." अर्ध्या लोकांना चाकाचं काही कळलं नाही. पण चूक माही, हे कळलं. तेवढं पुरलं. नाव राहिलं.

रिसोडची मंडळी परत आली नाहीत. माफी तर सोडाच, फोनही नाही. त्याचा राग मला आजही आहे, आणि तो मी उतरू देणार नाही.

त्यानंतर एका दुपारी शेषूभाऊ म्हणाले, इंझोरीला चल. रेखाताई ओसरीत मेथी निवडत बसली होती. ते तिच्यासमोर खालीच बसले.

"रेखा, चाक बंद केलं मी. पन तो रकानाच मले पटत नाई आता. तूच सांग, कसा इचारू? ज्याले भरा लागते त्यालेच इचारा लागते."

रेखाताईनं हातातली मेथी खाली ठेवली. मग म्हणाली, "भाऊ, मले सारे एवढंच इचारतात, कवा गेले अन् कशानं गेले. ते मानूस कसे होते, हे कोनी इचारत नाई."

शेषूभाऊंनी पेन खिशात ठेवला. "नाव काय होतं त्यायचं?"

"सुनील," ती म्हणाली, आणि मग थांबलीच नाही. त्याला मेथीची जुडी बांधता यायची नाही, एवढी मोठी बांधायचा की गिऱ्हाईक हसत न्यायचं. पाणी द्यायला गेला की शीळ घालायचा, बेसूर. सांगता सांगता ती हसली. मी तिला त्या घरात हसताना पहिल्यांदा पाहिलं.

ती थांबल्यावर शेषूभाऊ मेथीकडं पाहत म्हणाले, "माह्यावालीचं नाव कुसुम."

मी त्यांच्याकडं पाहतच राहिले. आमच्या गल्लीत शेषूभाऊ बिनलग्नाचे म्हणूनच ठाऊक आहेत. मी सगळ्या गावाचे प्रश्न विचारत फिरते, शेजारच्या माणसाला हा कधी विचारला नव्हता.

"लग्नाले वर्सही झालं नव्हतं," ते म्हणाले. "मंग मी गावच सोडलं."

"कशा होत्या?" रेखाताईनं विचारलं.

ज्या माणसाकडं जगातल्या प्रत्येक बटणाबद्दल मत आहे, त्यानं ढिगातली एक काडी उचलली. ती मोडली, पुन्हा मोडली.

रेखाताईनं मेथीचा ढीग थोडा त्यांच्याकडं सरकवला.

"निवडता निवडता सांगा, भाऊ," ती म्हणाली. "घाई नाई."