झाडाला विचारणारे सबनीसकाका

सबनीसकाका पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा त्यांनी वाढलेलं ताट बाजूला सारलं, बसायची खुर्ची उचलली आणि उलटी करून तिच्या पोटाकडे बघितलं. तिथे चार स्क्रू होते. "हे फर्निचर नाही, हा अपघात आहे," असं म्हणून ते उभ्यानेच आमटीभात जेवले. माझा नवरा निखिल हसला. मला राग आला, कारण ती खुर्ची मी स्वतः दोन तास खपून जोडली होती. तेव्हापासून माझा आणि काकांचा उभा दावा.

काका इथे कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये आमच्या मागच्या गल्लीत राहतात. तीस वर्षं त्यांनी चिप डिझाइन केलं आणि रिटायर झाल्यावर रंधा हातात घेतला. त्यांच्या गराजमध्ये गाडीला जागा नाही. ती बाहेर उन्हात तापते आणि आत ओंडके, पटाश्या, करवती आणि घोटाभर भुसा. आमच्या भागात एकेकाळी जर्दाळूच्या, अक्रोडाच्या बागा होत्या. कुणी जुनं घर पाडताना परसातलं झाड तोडलं, की काका भांडायला हजर होतात आणि येताना खोड घेऊन येतात. त्यातून ते विलायती वळणाच्या, उंच पाठीच्या खुर्च्या करतात. पाठीच्या पट्ट्या पानाच्या शिरांसारख्या मधल्या दांड्यातून फुटतात. हात म्हणजे फांदी जशी वाकली असेल तसे. बैठक मात्र भरपूर रुंद, कारण आपला माणूस खुर्चीवरही पाच मिनिटांत मांडी घालतो, असं त्यांचं म्हणणं.

कुणी बदल सुचवला की उत्तर ठरलेलं: "झाडाला विचारलंत का?" मंडळाच्या गणपतीत एका मॅनेजरबाईंनी खुर्चीचे दोन्ही हात अगदी सारखे हवेत म्हणून सांगितलं. काकांनी त्यांना आधी आरशात स्वतःचे कान तपासून यायला सांगितलं. बाई आरतीलाही थांबल्या नाहीत. असला उद्धटपणा लोक कलावंत म्हणून खपवून घेतात. मी घेत नाही.

मग नागपूरहून आई सहा महिन्यांसाठी आली. गुडघे पार गेलेले. आमच्या बुटक्या सोफ्यावर बसली की तिला उठता येईना. दर वेळी आम्ही दोन्ही हात धरून ओढायचं. आम्ही ऑफिसला गेलो की ती सकाळी बसलेली संध्याकाळपर्यंत तिथेच. काही दिवसांनी कळलं की उठायला लागू नये म्हणून तिने पाणी पिणंच कमी केलंय. मी अभिमान गिळला आणि काकांकडे गेले.

ते त्याच संध्याकाळी आले. आईला अनवाणी उभं करून पोटरीचं, कमरेचं, कोपराचं माप घेतलं. उठताना कुठला पाय आधी टाकता, हेही विचारलं. एवढं तर डॉक्टरनेही विचारलं नाही, म्हणून आई खूश झाली. तीन आठवड्यांत खुर्ची देतो म्हणाले.

तीन आठवड्यांचे दोन महिने झाले. एकदा लाकूड अजून वाळताना हलतंय, एकदा तेल मुरतंय. मग फोनच उचलेनात. इकडे आईला लघवीचं इन्फेक्शन झालं आणि पाणी कमी पडतंय म्हणून डॉक्टरांनी मलाच झापलं. शनिवारी सकाळी मी आईला गाडीत घातलं आणि थेट काकांच्या दारात ब्रेक दाबला.

गराज उघडंच होतं. कोपऱ्यात चादरीखाली काहीतरी होतं. मी चादर ओढली. अक्रोडाची खुर्ची, तेलपाणी होऊन तयार.

"कधी झाली ही?"

"महिना झाला," काका म्हणाले.

त्यानंतर मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. माझी आई तहानलेली राहते आणि तुम्ही कला झाकून ठेवता, हा त्यातला सगळ्यात सभ्य भाग. काका उलटून बोलले असते तर बरं झालं असतं. ते पाणी आणायला आत गेले. मी बोलत बोलत त्यांच्या मागे गेले.

स्वयंपाकघरात टेबलाशी एक खुर्ची होती. तशीच शिरांची पाठ, पण पाय इतके आखूड, की बालवाडीतली वाटावी. काकांना तर नातवंडं नाहीत.

"हिची," काका म्हणाले.

काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हा मी एक डबा देऊन आले होते आणि माझं कर्तव्य संपलं होतं. आजार काय, हेही विचारलं नव्हतं.

"कणा वाकत गेला तिचा. उंची कमी होत गेली. पाय अधांतरी राहिले की घाबरायची. मग मी खुर्चीचे पाय जरा जरा कापत गेलो. पाच वेळा." त्यांनी पेला माझ्या हातात दिला. "तुझ्या आईची खुर्ची झाली आणि वाटलं, दिली की उद्या हीसुद्धा कापायला मलाच बोलावशील."

माझा राग गेला नाही. फक्त आता तो माझ्यावरच होता. मागच्या गल्लीत हा माणूस बायकोच्या खुर्चीवर करवत चालवत होता आणि मी त्याला उद्धट म्हातारा म्हणत होते.

"कापायची तेव्हा कापू, काका," मी म्हटलं. आवाज अजून चढलेलाच होता. "आज तिला बसू दे."

आई गाडीतून उतरली आणि गराजमध्येच त्या खुर्चीवर बसली. काका खाली भुशात बसले. पाय नीट टेकलेत ना, म्हणून तिच्या टाचांखाली कागद सरकतो का ते बघितलं. सरकला नाही. आईने दोन्ही हातांवर जोर दिला आणि उठली. कुणी ओढलं नाही. पुन्हा बसली, पुन्हा उठली, आणि माझ्या हातातला पेला घेऊन सगळं पाणी प्यायली.

काका उठायला गेले, पण त्यांचाच गुडघा अडला. ते तसेच बसून राहिले, मान खाली घालून.

"द्या हात, भाऊ," आई म्हणाली.

एका हाताने तिने खुर्ची धरली आणि दुसऱ्याने त्यांना वर ओढलं.