व्यक्ती 'क'

परदेशात येऊन पंधरा दिवस झाले, तरी समाजशास्त्राच्या सरांना मनासारखा नमुना मिळत नव्हता. लिंग, वंश आणि वर्ग या तिन्ही भेदांचा अभ्यास करायला ते सहा विद्यार्थी घेऊन आले होते. उद्या यजमान विद्यापीठात सादरीकरण होतं. ते पसंत पडलं तरच दौरा पुढच्या वर्षी होणार होता. बारा वर्षं अर्ज खरडून मिळालेला दौरा. सरांचा जीव टांगणीला लागला होता.

नियम सरांचाच होता. प्रत्येक विद्यार्थ्याने एक माणूस निवडायचा, त्याला पत्ता लागू न देता त्याचं वागणं टिपायचं आणि नाव न लिहिता त्याला 'व्यक्ती क' म्हणायचं. दुपारी वह्या हातात पडल्या आणि सर हरखलेच.

'व्यक्ती क रोज चहाचा कप बेसिनमध्ये ठेवून जातो. तो कप मुली धुतात. कप रिकामा होईपर्यंत मात्र तो समानतेवर बोलतो.'

'आल्या दिवशी त्याने एका कृष्णवर्णीय गृहस्थांच्या हातात बॅग दिली. ते इथले ग्रंथपाल आहेत, हे त्याला अजून माहीत नाही.'

'सफाईच्या बाईंनी नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून तो बुटांसकट गेला. श्रमप्रतिष्ठेवरच्या व्याख्यानाला उशीर होत होता.'

"सहा वह्या आणि माणूस एकच!" सर मांडीवर थाप मारून म्हणाले. "कोण रे हा गाढव?"

विद्यार्थी एकमेकांकडे पाहू लागले. "सर, नाव सांगायचं नाही ना?"

"शाब्बास! नियम म्हणजे नियम."

सरांनी 'दुटप्पी' आणि 'निर्लज्ज' ही दोन विशेषणं पदरची घालून मजकूर यजमान विद्यापीठाच्या विभागप्रमुख बाईंना धाडला. तासाभरात तो निमंत्रणावर छापूनही आला. मग त्यांनी घरी फोन लावला आणि बायकोला सगळं वाचून दाखवलं.

"कपाबद्दल बोललं की तो 'राहू दे गं, मी धुणारच होतो' म्हणतो का हो?" बायकोने विचारलं.

"अगदी हेच! मुलींनी लिहिलंय तसं. तुला कसं कळलं?"

"अहो, बावीस वर्षं संसार करतेय त्याच्याशी."

सरांनी वह्या पुन्हा उघडल्या. पानोपानी ते स्वतःच होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण आपला पाषाण निमंत्रणावर छापून येण्याचं भाग्य फार थोड्यांना लाभतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

सकाळी सभागृह गच्च भरलं होतं. सर उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "व्यक्ती क म्हणजे मीच. विशेषणंसुद्धा मीच लावलीत, आणि ती कमीच पडतात."

टाळ्यांचा कडकडाट झाला. विभागप्रमुख बाई गहिवरून पुढे आल्या. "पंधरा दिवस स्वतःच नमुना होऊन राहिलात! केवढा हा अभिनय!"

"अभिनय नाही हो. मी खरंच असा आहे."

"आणि वर हा विनय!"

दौरा तिथल्या तिथे तीन वर्षांसाठी मंजूर झाला. अट एकच: दर वर्षी व्यक्ती क सरांनीच व्हायचं, आणि वागण्यात काडीचाही फरक करायचा नाही.

सरांनी घाईघाईने बायकोला फोन केला. "ऐकलंस का? मी सुधारायचं ठरवलं होतं गं, पण आता विद्यापीठाचीच मनाई आहे!"

"अभिनंदन," बायको म्हणाली. "तिकडे दरवर्षी पंधरा दिवस खुशाल करा अभिनय. उरलेले साडेअकरा महिने इकडे तालीम बंद."