रिकामटेकडी घंटी

रुग्णालयातल्या प्रत्येक खाटेच्या उशाशी असलेली घंटी दिवसातला बहुतेक वेळ काहीच करत नाही, ही गंभीर बाब वीजबचत विभागाच्या साहेबांच्या नजरेस आली. दिवा, पंखा, घंटी चालवणाऱ्या कुठल्या कंट्रोलरला कधी वीज द्यायची हे संगणकाच्या पोटातली मूळ प्रणाली, म्हणजे कर्नल, ठरवतो. तो सांभाळणाऱ्या चष्मेवालीला त्यांनी बोलावून घेतलं.

"दिव्यांचे, पंख्यांचे कंट्रोलर रिकामे असले की झोपतात. मग घंटीचेच एवढे लाड का?"

"साहेब, दिव्याला काम आलं की कर्नल उठवतो. घंटीचं उलट आहे. ती कर्नलला उठवते."

"पण दिवसभर करते काय?"

"वाट बघते."

"वाट बघणं कुठल्या सदरात मोडतं?"

कुठल्याच मोडत नव्हतं. सबब, वाट बघणे म्हणजे निष्क्रियता, असं परिपत्रक निघालं आणि घंट्या झोपल्या. लेकरं झोपल्याशिवाय आईने पाठ टेकायची नाही, असा कर्नलमध्ये एक नियम आहे. माणसांतही तो आयांनाच लागू असतो म्हणा. लेकरं म्हणजे घंट्या झोपल्या तशी त्यांची आई, वॉर्डाची मुख्य पेटी, झोपली, आणि तिच्यामागोमाग कर्नलही. वीजबिल घसरलं. तक्रारीही थांबल्या, कारण तक्रार ऐकायला आधी कुणीतरी यावं लागतं. साहेबांचा सत्कार ठरला.

सत्काराच्या आदल्या दुपारी त्यांची आई मांडीचं हाड मोडून त्याच वॉर्डात दाखल झाली.

"अरे, मघापासून दाबतेय. मला बाथरूमला जायचंय, आणि हलता येत नाही."

"आई, ती झोपलीय."

"घंटी?"

"काम नसलं की झोपते."

"मग मी हे काय देतेय तिला?"

"तसं नाही गं. वरून हुकूम आला की ती उठते. मग दाबायची."

"मग वरच्याला उठव."

"त्याला घंटी उठवते."

आईने त्याच्या पहिल्या प्रगतिपुस्तकाकडे पाहिलं होतं, तसंच आता त्याच्याकडे पाहिलं.

नर्सला हाक मारणं सोपं होतं. पण साहेब पडले यंत्रणेचे माणूस. बाहेर जाऊन त्यांनी चष्मेवालीला फोन लावला.

"एक ओळ बदलायची आहे," ती म्हणाली. "फक्त वाट बघणं हेही काम आहे, असं लेखी द्या."

तसं दिलं तर उद्याचा हार कुणाच्या गळ्यात पडणार? साहेबांनी तोड काढली. घंटीला कामाला लावा! तिने आपणहून वाजत राहावं. वाजतेय म्हणजे निष्क्रिय नाही, आणि निष्क्रिय नाही म्हणजे झोपणार नाही.

"अहो साहेब, पण..."

"आदेश समजा."

वॉर्डातल्या झाडून सगळ्या घंट्या एकदम वाजू लागल्या. साहेब खुशीत आत आले. दाराशीच नर्स कानांत कापूस घालून बसली होती.

"अहो, जात का नाही तुम्ही?" साहेब ओरडले.

"कुणाकडे जाऊ? सगळ्याच वाजतायत. खरी कुठली ते सांगा, ही निघाले."

साहेबांनी खाटेकडे बोट दाखवलं. आईने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली होती.

"आता नको," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "आता नुसती चादर बदला."

नर्स चादर आणायला धावली. घंट्या वाजतच होत्या.

"एक विचारू का रे?" आई म्हणाली. "मी घरून फोन करते ना तुला, तेव्हा तुझ्याकडेही असंच वाजत असतं का?"