अर्ध्यात सोडणारा सुऱ्या

"सुऱ्या, आधी माझी शेळी सोड!" मी ओरडत होते आणि सुऱ्या मांडीवरच्या कॉम्प्युटरला सांगत होता, "थांब. बास आता." पाठीमागचा डोंगर मात्र कुणाचं ऐकायच्या बेतात नव्हता.

सुऱ्या माझा शेजारी. शिवथरच्या खोऱ्यात वाडीच्या टोकाला आमची दोनच घरं आणि रेंज फक्त माझ्या ओटीवर. म्हणून मुंबईच्या कंपनीचं काम करणारा हा चाळिशीचा बाप्या दिवसभर माझ्याच ओटीवर. काम काय, तर इंटरनेटवरून मोठी फाईल उतरायला लागली की ती मधेच कशी थांबवायची, त्याचा प्रोग्रॅम लिहायचा.

"लोकांना आणायचा पगार मिळतो. तुला न आणायचा?"

"काकी, आणंल कोण पण. सोडता आलं पायजे."

सोडण्यात पटाईत. भाकरी अर्धी, चहा अर्धा. मुलगी बघायला नाते गावाला गेला, तर पोहे अर्धे ठेवून उठला. "पुढचं ठाऊक हाय," म्हणाला.

एक गोष्ट मात्र मला सारखी बजावायचा. "नुसतं थांब म्हणून भागत नाय, काकी. समोरचा धाडतच राहतो. हिकडं थांबलेलं दिसतं, नि मागं साठतं."

मी चौथी शिकलेली. मी म्हणायचे, "बरं."

एकच फाईल तो थांबवत नसे. भावाने मुंबईहून धाडलेला व्हिडिओ. त्यात त्याची मेलेली आयस नाचणी पाखडत दोघा भावांना शिव्या घालत होती. रेंज तुटायची, फाईल तुटायची. हा पुन्हा पहिल्यापासून लावायचा. रोज.

त्या दुपारी पाऊस कोसळत होता आणि घरामागच्या वहाळाचं खळाळणारं पाणी एकाएकी गप्प झालं.

"बरं झालं, कान किटले होते," मी म्हटलं.

सुऱ्याने मान वर केली. आयशीच्या फाईलची पट्टी भरायला बोटभर उरली होती. वर डोंगरात काहीतरी कडाडलं.

"काकी, पाऊस हाय नि पाणी थांबलंय. मागं साठतंय!"

त्याने आयशीला थांबवलं. कॉम्प्युटर तिथेच टाकला, मला खांद्यावर घेतलं. शेळीचं दावं तोडलं.

वाडीच्या देवळात पोचून मागे बघितलं, तर दोन्ही घरांच्या जागी चिखल.

"भाऊ परत धाडील रे ती फाईल," मी म्हटलं.

"हां." कुणीतरी चहा आणून दिला. सुऱ्या तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि रिकामा कप धरून बसून राहिला.

त्या टोकाला आम्ही तीन जीव होतो. मी, सुऱ्या आणि शेळी. तिघंही वाचलो.